सरासरीत बाळं हरवली
देशाच्या अन्नपुरवठ्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की बेबी फूडमधून मिळणारं लोह एकूण पुरवठ्यात नगण्य आहे. अहो पण हा माणशी पुरवठ्याचा आकडा काढतात कसा, तर उत्पादन अधिक आयात वजा निर्यात आणि मग भागिले अख्खी लोकसंख्या, म्हणजे बाळाचं सिरियल (धान्याचं तयार बाळअन्न) कागदावर आजोबांच्याही वाट्याला, मग नगण्यच दिसणार ना! अमेरिकेच्या शिफारशीत 7 ते 12 महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिग्रॅ लोह सांगितलंय, मोठ्या पुरुषाला फक्त 8, आणि आईच्या दुधात लोह अगदीच थोडं असतं, त्यामुळे त्या वयात फोर्टिफाइड, म्हणजे वरून लोह घातलेल्या सिरियलचे चार चमचेसुद्धा मोठा फरक करतात. शिवाय पुरवठ्यात दिसलं ते सगळं अंगी लागतंच असं नाही, धान्यात मुळातच असणारं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि झिंक दोन्ही अडवून धरतं. वयोगटाप्रमाणे तक्ता द्या की राव.