कार्पाँतिए यांनी डुकराचे हृदय बसवले नव्हते

फ्रेंच हृदयशल्यविशारद अलँ कार्पाँतिए यांच्या छायाचित्रासह एक मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्यातले दावे थोडक्यात असे : या डॉक्टरांनी डुकराचे हृदय माणसाच्या छातीत बसवले, युरोपातले पहिले हृदयप्रत्यारोपण त्यांनीच केले, जगातले पहिले कृत्रिम हृदयही त्यांचेच, आणि त्यामुळे आता हृदयदानाची गरज उरलेली नाही. मजकूर कौतुकापोटी लिहिलेला आहे, हे मान्य. पण यातले एकही विधान खरे नाही आणि शेवटचे तर सरळसरळ घातक आहे.

पहिला दावा डुकराच्या हृदयाचा. कार्पाँतिए यांच्या कामात डुकराच्या शरीरातून आली ती हृदयाची झडप, म्हणजे आपण बोलताना ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो तो भाग. 1960 च्या दशकात मिळणाऱ्या यांत्रिक झडपांनी रुग्ण वाचत असे. मात्र परक्या पृष्ठभागावर रक्ताच्या गुठळ्या होत आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात ठरलेला. अशी झडप बसवलेल्या एका चित्रकार रुग्णाच्या मेंदूत गुठळी गेली, तेव्हापासून या तरुण डॉक्टरांनी दुसरा मार्ग शोधायला सुरुवात केली. 1965 मध्ये पॅरिसमध्ये झाँ-पॉल बिने या शल्यविशारदांसोबत त्यांनी डुकराची झडप माणसाला बसवली. पारायुक्त द्रावणात टिकवलेल्या त्या झडपा काही वर्षांतच खराब होऊ लागल्या, कारण शरीर त्या ऊतींना परके मानून त्यांच्यावर तुटून पडत होते. पुढे जे घडले ते मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचे वाटते : चांगले हात असलेला हा शल्यविशारद रसायनशास्त्र शिकायला बसला. ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने ऊतीतल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांशी पक्के बांधले जातात, जवळजवळ कातडे कमावताना व्हावे तसे, आणि मग ती ऊती शरीराच्या हल्ल्याला पुरून उरते. 1968 पासून अशा झडपा रुग्णांना बसवल्या जाऊ लागल्या. त्यातली एकही पेशी जिवंत नसते. म्हणून तिला अवयवाचे प्रत्यारोपण म्हणणेच चूक आहे.

हा फरक शाब्दिक नाही. ‘डुकराचे हृदय’ या शब्दांनी बिथरलेले कुटुंब शस्त्रक्रियेलाच नकार देऊ शकते. वास्तविक अशा झडपा गाय-बैलांच्या हृदयावरणापासूनही बनतात, यांत्रिक झडपेचा पर्यायही असतो, आणि झडप कशाची आहे हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. ऊतींच्या झडपेला सहसा जन्मभर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या लागत नाहीत, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण वयात त्याहूनही लवकर; यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण गोळ्या आणि रक्ताच्या नियमित तपासण्या कायमच्या मागे लागतात. निवड करायची ती या गोष्टींवरून.

दुसऱ्या दाव्याचे उत्तर तारखेतच आहे. युरोपातले पहिले हृदयप्रत्यारोपण 27 एप्रिल 1968 रोजी पॅरिसच्या पितिए रुग्णालयात क्रिस्तियाँ काब्रोल यांनी केले. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे काब्रोल यांच्याही आधी, हे धाडस केले होते. तो रुग्ण काही तासच जगला, पण ही नोंद विसरली जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

कृत्रिम हृदयाबाबत क्रम असा आहे. 1969 मध्ये अमेरिकेत डेंटन कूली यांनी एका रुग्णाला काही दिवसांसाठी पूर्ण कृत्रिम हृदय बसवले. 1982 मध्ये सॉल्ट लेक सिटीत जार्विक-7 हे हृदय बसवलेला रुग्ण 112 दिवस जगला. कार्पाँतिए यांच्या कल्पनेतून साकारलेले कार्मा कंपनीचे हृदय माणसाला प्रथम बसवले गेले ते 18 डिसेंबर 2013 रोजी, पॅरिसच्या जॉर्ज पाँपिदू रुग्णालयात. तेव्हा कार्पाँतिए 80 वर्षांचे होते. 76 वर्षांचा तो रुग्ण 74 दिवस जगला. ‘पहिले’ हे विशेषण काढून टाकले तरी या यंत्राचे वेगळेपण कमी होत नाही : रक्ताचा स्पर्श होतो त्या आतल्या भागात त्याच जुन्या रीतीने प्रक्रिया केलेले बैलवर्गीय हृदयावरण वापरलेले आहे, म्हणजे झडपांसाठी केलेले रसायनशास्त्र जवळपास पाच दशकांनंतर इथे उपयोगी पडले.

आता हृदयदानाची गोष्ट. या यंत्राचे वजन सुमारे 900 ग्रॅम, म्हणजे नैसर्गिक हृदयाच्या जवळपास तिप्पट. ते प्रत्येकाच्या छातीत मावत नाही आणि बॅटऱ्यांचा भार सतत अंगावर वागवावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डिसेंबर 2020 मध्ये युरोपात त्याला विक्रीची परवानगी मिळाली ती प्रत्यारोपणासाठी दात्याचे हृदय मिळेपर्यंत रुग्णाला तगवून ठेवण्यासाठी. जे यंत्र दात्याची वाट पाहण्यासाठी मंजूर झाले, त्याच्या नावाने दात्यांची गरज संपल्याचे सांगणे हा रुग्णांवर अन्याय आहे. मेंदूमृत नातेवाइकाच्या अवयवदानाचा निर्णय काही तासांत घ्यावा लागणाऱ्या घरात हा मजकूर कोणी वाचून दाखवला, तर त्याची किंमत एका जिवाएवढी असू शकते.

ज्या कामासाठी जगभरचे शल्यविशारद कार्पाँतिए यांना गुरू मानतात, त्याचा या मजकुरात उल्लेखही नाही. रुग्णाची स्वतःची झडप शक्य तोवर काढून टाकू नये, दुरुस्त करावी, असा त्यांचा आग्रह होता. मायट्रल झडपेच्या, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या, पाकळ्यांची हालचाल नेहमीसारखी आहे, गरजेपेक्षा जास्त आहे की अडखळलेली आहे, एवढ्या तीन प्रश्नांवर त्यांनी दोषांची वर्गवारी उभी केली. ताणलेल्या पाकळीचा निकामी तुकडा कापायचा, कडा शिवायच्या, आणि झडपेच्या पसरलेल्या तोंडाला मूळ आकारात आणणारे कडे बसवायचे. मग थांबलेल्या हृदयाच्या कप्प्यात सलाईन भरायचे : दोन्ही पाकळ्या शिडासारख्या फुगून एकमेकींना भिडल्या आणि मधून थेंबही गळला नाही, तर टाके बरोबर पडले. या पद्धतीला ‘फ्रेंच दुरुस्ती’ असे नाव पडले.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीत त्यांच्या पुढाकाराने हृदयरोग संस्था उभी राहिली. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुले तिथे येतात, आणि वाढत्या वयाच्या मुलाला, ज्याच्या गावात रक्ततपासणीची सोय नाही, स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या झडपेसारखी दुसरी झडप नाही.