गाढवाला गुळाची चव कळते, मी बघितलंय

ज्या कोणी ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण काढली, त्याने आयुष्यात एकदाही गाढवाला गूळ देऊन बघितलेला नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे ओकतेय.

झालं असं की संक्रांत आणि इथला जानेवारीतला लाँग वीकेंड लागोपाठ आले, सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवून झालंय, तर आता काय दाखवायचं? नवऱ्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि जाहीर केलं की आपण ओटमनला जायचं. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला वाळवंटातल्या डोंगरात सोन्याच्या खाणींचं जुनं गाव आहे, रूट ६६ या प्रसिद्ध जुन्या हायवेवर, आणि तिथे रस्त्यावर गाढवं मोकळी फिरतात. आई म्हणाल्या, ‘‘गाढवं बघायला चार तास गाडीने?’’ मला तो प्रश्न तेव्हाच पटला होता पण मी सून आहे, गप्प बसले.

आणि मी गूळपोळ्या केल्या. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नका. इथल्या इंडियन स्टोअरमधला गूळ म्हणजे दगड, तो किसताना बोट किसलं गेलं, तीळ आणि खसखस भाजून कुटली, बेसन तुपावर खमंग केलं, कणकेला मोहन घातलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा एकाही पोळीचा गूळ फुटून तव्यावर आला नाही. रात्री पावणेबारा वाजता आईंनी एक उचलून बघितली आणि ‘‘कडेपर्यंत गूळ गेलाय हो’’ असं म्हणाल्या. आमच्याकडे याला भारतरत्न म्हणतात. चौदा झाल्या, त्यातल्या दोन नवऱ्याने उभ्याउभ्या गिळल्या, उरलेल्या बारा डब्यात. मी एकही खाल्ली नाही. म्हटलं तिथे डोंगरात निवांत बसून, वर तूप घालून खाऊ. तुपाची बाटली वेगळी घेतली होती, लीक होऊ नये म्हणून मोज्यात घालून.

वाटेतल्या किंगमन शहरापासून ओटमन अठ्ठावीसेक मैल, पण तो जुना रूट ६६ आहे, १९२६ साली रूटला नंबर मिळाला तेव्हाचा थाट. सिटग्रीव्ह्ज पास नावाचा घाट. आंबेनळी घाट आठवावा, त्यातली झाडं आणि पाऊस काढून टाकावा आणि कठडेही काढून टाकावेत. चाळीस फुटांपेक्षा लांब गाड्यांना इथे बंदीच आहे. म्हणे पूर्वीच्या गाड्यांना हा चढ झेपायचा नाही तेव्हा लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये घाट चढायचे. आईंना तिसऱ्या वळणाला मळमळायला लागलं, त्यांनी आवळा सुपारी तोंडात टाकली आणि खिडकी पूर्ण उघडली. डबा त्यांच्या मांडीवर. ही खिडकी लक्षात ठेवा.

गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूला लाकडी फळ्यांचे फुटपाथ, जुनी दुकानं, आणि वस्ती आता शंभरेक. १९१५ मध्ये इथे मोठी सोन्याची शीर सापडली आणि वर्षभरात लोकसंख्या साडेतीन हजारांवर गेली. मग दुसऱ्या महायुद्धात सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या, कारण युद्धाला तांबं-शिसं हवं होतं, सोन्याचं काय करायचं. पुढे नवा हायवे दुसरीकडून गेला, गावाचा जीवच गेला. माणसं गेली. खाणीत माल ओढायला आणलेली गाढवं मात्र डोंगरात सोडून दिली, त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. सकाळी डोंगरातून खाली येतात, दिवसभर टुरिस्टांकडून खातात आणि संध्याकाळी परत जातात. आमच्या ऑफिसात अशी दोघं आहेत पण ते जाऊ दे.

गाडी गावात शिरली तीच थांबली, कारण रस्त्याच्या मधोमध एक गाढवीण आणि तिचं शिंगरू. शिंगराच्या कपाळावर गोल स्टिकर, ‘मला खायला घालू नका’, खरंच असतं तसं, लहान पिल्लांना चारा पचत नाही आणि गाजरं वगैरे घशात अडकतात म्हणून. आई कौतुकाने म्हणाल्या, ‘‘अगं बघ, टिकली लावलीय.’’ एवढं बोलेपर्यंत त्या गाढविणीने आख्खं तोंड खिडकीतून आत घातलं. मी मागच्या सीटवर होते, मला दिसलं ते फक्त दोन कान आणि त्यांच्या मधून आईंचा अंबाडा. गाढविणीने कसलीही घाई केली नाही. ओठाने डब्याचं झाकण बाजूला सारलं (ते मीच सैल लावलं होतं, वाफ धरू नये म्हणून), वरची पोळी दुमडून उचलली, चावली, डोळे मिटले. शपथ सांगते, डोळे मिटले! मग दुसरी. मी ओरडले, नवरा हॉर्न वाजवायला लागला, आईंनी दचकून हात वर केले आणि डबा खिडकीतून बाहेर.

मी दार उघडून धावले तर तोवर आणखी दोन गाढवं आली होती. मी डब्याची एक कड धरली, दुसरी गाढविणीच्या पायाखाली. अडला हरी म्हणतात ना, तसं शब्दशः गाढवाचे पाय धरायची वेळ आली, वसुदेवाने निदान पोटच्या पोरासाठी धरले होते.

आणि इथे तो आला.

पांढऱ्या झुबकेदार मिशा, काऊबॉय हॅट, जाकीट, कमरेला दोन पिस्तुलं, बुटाला चाकं, चालताना छुन छुन. गावात रोज टुरिस्टांसाठी लुटूपुटूची गोळीबाराची मारामारी होते, त्यातला हा कलाकार. वय पंचाहत्तर तरी असेल. मला वाटलं मदतीला आला. त्याने गाढविणीच्या मानेवरून हात फिरवला आणि मला विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही तिला काय खायला घातलंत?’’

मी म्हटलं, मी घातलं नाही, तिने घेतलं.

‘‘त्यात साखर आहे?’’

‘‘गूळ आहे.’’ आता गूळ इंग्रजीत कसा सांगायचा? मी जॅगरी म्हटलं, त्याला कळलं नाही, मग उसाचा रस आटवून वगैरे हाताने कढई दाखवली. तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘म्हणजे साखर.’’ मग तिळाची चौकशी, मग तुपाची, मग मैदा की गहू. माझी आख्खी रेसिपी त्या माणसाने पोलीस पंचनाम्यासारखी काढून घेतली आणि मी उभी, एका हातात चेपलेला डबा, कुर्त्यावर गाढवाची लाळ. दुकानात अल्फाल्फाच्या चाऱ्याचे चौकोन मिळतात, तेच द्यायचे असतात, असं त्याने सुनावलं. मग जरा उंच आवाजात, आजूबाजूला जमलेल्या आठ-दहा टुरिस्टांनाही ऐकू जाईल असं, म्हणाला की ही पाळीव गाढवं नाहीत, १९७१ चा फेडरल कायदा आहे, यांना त्रास देणं गुन्हा आहे, कायद्यात यांना पश्चिमेच्या इतिहासाची आणि पायोनियर वृत्तीची जिवंत प्रतीकं म्हटलंय. एका बाईने माझ्याकडे असं बघितलं की मीच जाऊन गाढवाच्या खिडकीत तोंड घातलं होतं.

मी म्हटलं, अहो पण माझे पदार्थ गेले! तर म्हणतो, ‘‘मॅडम, ती इथली आहे. तुम्ही कुठल्या?’’

‘‘चँडलर.’’ म्हणजे ॲरिझोनातलंच, आम्ही राहतो ते.

‘‘नाही, मूळच्या?’’

याचं उत्तर मला परत येताना किंगमन ओलांडल्यावर सुचलं. गाढव हा प्राणी मूळचा आफ्रिकेतला, इकडे आणला स्पॅनिश लोकांनी, आणि या डोंगरात आणला खाणवाल्यांनी, मजुरीला. म्हणजे ही पण वर्क व्हिसावरच आलेली. फरक एवढाच की खाण बंद पडली तेव्हा यांना कोणी आमच्यासारखं, नोकरी गेली, आता साठ दिवसांत देश सोडा, असं म्हटलं नाही, उलट कायदा करून ठेवून घेतलं. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१४ चा आहे. नवऱ्याच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी लोक काढतात, तेव्हा आठवडाभर आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. टॅक्स भरतो, वेळेवर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतो, कोणाच्या खिडकीत तोंड घालत नाही, पण आम्हाला कोणी अजून जिवंत प्रतीक म्हटलेलं नाही. हे मी त्याला तिथे म्हणू शकले असते. म्हटलं काय? ‘‘सॉरी.’’ गाढविणीला सॉरी म्हणाले मी.

बरं, आपल्याकडे गाढवाला कधी हा मान मिळाला नाही हेही खरंय. शिलाहारांच्या काळात दगडावर गाढव कोरायचे ते शिवी म्हणून, दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या घराण्याला शाप, गधेगाळ. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथे निदान दात बघून दुवान, चौवान अशी वयाची विचारपूस तरी होते. नाहीतर मग ओझं, उकिरडा आणि म्हणी.

आमच्या आई मात्र वेगळ्याच लेव्हलला होत्या. त्या गाडीतून उतरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गाढविणीला हात जोडले. ‘‘शीतळादेवीचं वाहन आहे गं, संक्रांतीला गोडाचं खाऊन गेली, जाऊ दे.’’ काऊबॉयने हे बघितलं आणि त्या क्षणापासून तो आईंचा माणूस झाला. हॅट काढली, छातीशी धरली. आईंना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोघं दहा मिनिटं बोलली. तो गाढवाबद्दल बोलत होता, आई सांगलीच्या शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, दोघंही मान डोलवत होती, आणि दोघांचं बहुतेक एका गोष्टीवर एकमत होतं की चूक माझी. मग आईंनी डब्यात बघितलं. तळाला एक पोळी शिल्लक होती. एक! मी हात पुढे करणार तोच त्यांनी ती उचलून त्याच्या हातावर ठेवली, ‘‘घ्या, तिळगूळ घ्या, गोड बोला.’’

त्याने खाल्ली. सावकाश. मिशांना तीळ लागले. मी वाट बघत होते, म्हटलं आता तरी निदान कौतुक करेल. तो म्हणाला, ‘‘हं. आता कळलं तिला का आवडलं.’’

मी अजून ठरवू शकलेले नाही की हे कौतुक होतं का.

त्यानंतर गाव बघितलं, म्हणजे नवऱ्याने बघितलं आणि मी मागून फुगून चालले. जुनं हॉटेल आहे, त्याच्या भिंती-छत एक एक डॉलरच्या नोटांनी मढवलंय, म्हणे खाणकामगार पगाराच्या दिवशी नाव लिहून नोट टाचून ठेवायचे, महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की तीच नोट दारूला. एका दुकानात ऑलिव्ह ओटमनचा फोटो होता, जिच्या नावाने हे गाव आहे. १८५१ मध्ये वाटेत तिचं कुटुंब मारलं गेलं, मग काही वर्षं ती मोहावी या इथल्या मूळनिवासी जमातीत वाढली. हनुवटीवर निळ्या उभ्या रेघा, गोंदलेल्या. आई त्या फोटोपुढे खूप वेळ उभ्या राहिल्या. ‘‘माझ्या आजीच्या हनुवटीवर असंच होतं, तीन ठिपके,’’ एवढंच म्हणाल्या. मी तेवढ्यापुरती गूळपोळी विसरले. हत्तीच्या सुळ्यासारखा पांढऱ्या गारगोटीचा सुळकाही आहे गावाशेजारी, तिथपर्यंत चालत जायचं ठरलं होतं, पण उपाशी पोटी कोण जातंय, आणि मोज्यातलं तूप घेऊन करायचं काय?

निघताना रस्ता परत अडला, मारामारीचा शो सुरू होता. धाडधाड आवाज झाले आणि आमचा काऊबॉय आमच्याच बंपरपुढे हातपाय पसरून मेला. गाढवीण येऊन त्याची हॅट हुंगू लागली. मी खिडकी चार बोटं उघडून बघितलं, तर मेलेला माणूस जिभेने दाढेत अडकलेला तीळ काढत होता. माझ्याकडे त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि ओठ न हलवता विचारलं, ‘‘अजून आहे का एखादी?’’

शो संपल्यावर त्याचा जोडीदार पैशांसाठी हॅट फिरवत आला. आईंनी पाच डॉलर टाकले, माझ्या पर्समधून. मी खिडकी लावून घेतली.