एप्रिलचं काय चुकलं?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद चाललाय. एका वर्गमित्राने मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आडनाव गाळून नुसतं स्वतःचं नाव लावलं. “जात चोरतोय,” एकाने लिहिलं. दुसरा म्हणे, “स्वाभिमान असता तर मिरवलं असतं.” दोघांचीही आडनावं माझ्यासारखीच, कुठेही बिनदिक्कत सांगता येणारी.

मला रेनट्री बहिणी आठवल्या. बीट्रिस कलटन यांची ‘इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री’ ही १९८३ची कादंबरी घडते कॅनडातल्या आमच्या विनिपेगमध्ये. या दोघी मेटी, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही रक्तांच्या समाजातल्या. आईबाप दारूत, म्हणून सरकार पोरींना उचलून वेगवेगळ्या घरी ठेवतं. एप्रिल दिसायला गोरी. तिच्या वाट्याला आलेल्या घरी तिला मोलकरणीसारखं राबवतात, वर रक्तावरून हिणवतात. ती ठरवते, मोठं झाल्यावर गोरी म्हणूनच जगायचं. सावळ्या शेरिलला भेटलेली पालक-आई मात्र स्वतः मेटी, पुस्तकं हातात देणारी. मेटींचा नेता लुई रिएल याच्यावर शेरिल भरभरून लिहिते. एप्रिलला शाळेने शिकवलेला रिएल म्हणजे १८८५ साली फासावर गेलेला माथेफिरू. (आता त्याच्या नावाने आमच्या मॅनिटोबा प्रांतात फेब्रुवारीत सुट्टी असते. मी ती झोपून काढतो.)

वाचताना आपण शेरिलच्या बाजूने होतो. मीही झालो. पण आईबापांना शोधत गेलेल्या शेरिलला बाप सापडतो तो दारूत बुडालेला. पुस्तकातले शूर पूर्वज आणि समोरचा हा माणूस, यांचा मेळ तिला लावता येत नाही. शेवटी ती लुईज पुलावरून नदीत उडी घेते. माझी बस रोज त्या पुलावरून जाते.

उरते ती एप्रिल, बहिणीच्या लेकराला पोटाशी घेऊन. आणि तेव्हा कुठे तिच्या तोंडून ‘माझी माणसं’ हे शब्द निघतात. तिला भित्री म्हणणाऱ्याने आधी त्या घरात चार दिवस भांडी घासून यावं.

मी इथे आल्यावर नोकरीच्या अर्जावर पुरुषोत्तमचा ‘पीट’ केला. तेव्हा याच ग्रुपने अंगठे दाखवले होते, “हुशार आहेस” म्हणून.

काल मी हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, “तुझं वेगळं रे.”

कसं वेगळं, विचारलंय. सगळ्यांनी वाचलंय, एवढं दिसतंय.