टीव्हीवरची चकली

"चौदा तारखेला रविवार आहे. लक्षात आहे ना काय ते?" बायकोनं विचारलं. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "हो तर. सोसायटीची मीटिंग."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तो घाव भरून काढायला मी त्याच रात्री जाहीर करून टाकलं, की चौदा तारखेला दोन्हीकडच्या मंडळींना जेवायला बोलवू आणि लग्नाची कॅसेट हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावू. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "उखाणा नक्की दाखव हं दादा." आणि बराच वेळ हसत राहिली. ती का हसतेय याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

लग्न २००० सालचं, म्हणजे व्हीएचएस कॅसेट. तीन तासांची, कपाटात शालूच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मुरलेली. घरातला व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता, त्यामुळे पंधराएक वर्षं ती कोणी पाहिली नव्हती. एका स्टुडिओवाल्यानं ती डिजिटल करून हार्ड डिस्कवर घालून दिली. फाइल ३९ जीबीची. मी डोळे विस्फारले तसा तो म्हणाला, "ओरिजिनल आहे साहेब. टेपवरचं काहीही कमी केलेलं नाही." दूधवाल्यानं "पाणी घातलेलं नाही" म्हणावं, त्या सुरात.

आता ही फाइल टीव्हीवर दाखवायची व्यवस्था घरात होती. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा त्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप मागच्या खोलीत पडून होता. दिवाळीला आला असताना त्यानं त्यावर जेलीफिन नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. लॅपटॉपमध्ये असेल ते घरातल्या घरात वायफायवरून टीव्हीवर दिसतं. "बाबा, हा आता आपला मीडिया सर्व्हर," तो म्हणाला होता. माझ्या आईनं जेली एवढंच ऐकलं आणि फ्रीज उघडून पाहिला.

रंगीत तालीम म्हणून मी एका संध्याकाळी कॅसेट लावली. गणपतीपूजन झालं. अंतरपाट धरला गेला. भटजींनी श्वास भरून घेतला, "शुभमंगल साव..." आणि भटजी तोंड उघडं ठेवून थांबले. पडद्याच्या मधोमध एक गोल फिरायला लागलं.

"चकली आली," आई म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात त्याला चकलीच म्हणतात. चार सेकंद चकली, दोन सेकंद भटजी, सहा सेकंद चकली. एवढ्या तुकड्यातुकड्यानं आमचं लग्न लागलं असतं तर मुहूर्त टळला असता.

मुलाला फोन केला. तो ऑफिसात होता. घाईघाईनं म्हणाला, "बाबा, ट्रान्सकोड होतंय का ते आधी बघा." मी "बघतो" म्हणालो आणि बघितलं नाही. ज्याला सायकल शिकवताना आपण मागून धरून पळालो, त्यानं एका वाक्यात निदान करावं हे मनाला पटत नाही. शिवाय शब्द नीट ऐकू आला नव्हता.

त्याऐवजी मी वर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि तारेतून किंवा हवेतून जे जे म्हणून जातं, त्यावर त्यांचं मत असतं. तोपर्यंत सोसायटीत बातमी पसरली होती आणि भेटेल तो एकच सल्ला देत होता: इंटरनेटचा प्लॅन वाढवा, शंभर मेगाबिटचा तीनशे करा. काकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

"गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या मोरीत पाणी कमी येतंय, तर महापालिकेला पत्र लिहाल का?"

खरं म्हणजे पुण्यात लिहितात. पण मुद्दा बिनतोड होता. लॅपटॉप घरात, टीव्ही घरात, मधे फक्त राउटर. बाहेरचं इंटरनेट आलं काय, गेलं काय, या व्यवहाराशी त्याचा संबंधच नाही. दोष असलाच तर घरातल्या नळाचा.

काकांनी मोबाइलवर एक अ‍ॅप उघडून आमच्या हवेत कोणाकोणाचे वायफाय आहेत ते दाखवलं. एकवीस निघाले. आणि ती यादी वाचताना मला कळलं, की पुणेरी पाट्या दारावरून कमी झाल्यात त्या इथे राहायला आल्यात. 'पासवर्ड मिळणार नाही'. 'आधी मेंटेनन्स भरा'. 'आमचे आहे, तुमचे नाही'. एकाचं नाव नुसतंच 'कळलं'. आणि एकानं चक्क 'दुपारी १ ते ४ बंद' असं ठेवलं होतं.

"यातले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत," काका म्हणाले. "तिथे एकमेकांच्या पायात पाय न अडकणारे चॅनल तीनच. एक, सहा आणि अकरा." म्हणजे नळस्टॉपच्या चौकात संध्याकाळी सात वाजता जे चालतं, ते आमच्या भिंतींमधून चोवीस तास चालू होतं आणि त्यात माझी वरात अडकली होती.

चॅनल बदलला. जरा बरं वाटलं. पण रोज साधारण साडेआठच्या सुमाराला चकली हमखास यायची. मी दोन दिवस वहीत वेळा लिहिल्या: ८:३१, ८:३४, ८:३६. तिसऱ्या दिवशी ८:३१ला भटजी थांबले आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून घुर्रर्र आवाज आला. दीडेक मिनिटानं आतून 'टिंग' ऐकू आलं आणि इकडे "...धान" झालं.

मायक्रोवेव्ह. तोही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. डबा बंद असला तरी थोडं बाहेर झिरपतं. माणसाला त्याचं काही नाही, वायफायला मात्र कानाशी ढोल वाजल्यासारखं होतं. म्हणजे आमटी गरम झाली, की मंगलाष्टकं गार. मी ही उपपत्ती उत्साहानं बायकोला सांगितली. ती म्हणाली, "मग काय, आमटी गॅसवर गरम करू? की चौदा तारखेला सगळ्यांना गारच वाढू?" शास्त्रीय चर्चा तिथे संपली.

उरला वायफायचा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ. तिथे गर्दी कमी, मायक्रोवेव्हचा त्रास नाही. पण त्या लहरींना भिंती झेपत नाहीत. आमच्या मागच्या खोलीतून हॉलमध्ये यायचं तर मधे दोन भिंती, पाणी भरलेलं पिंप आणि लोखंडी कपाट. कपाट हलवू का, असं मी विचारलं. आईनं नुसतं बघितलं. कपाट सासूबाईंनी दिलेलं, आणि त्या चौदा तारखेला येणार होत्या.

म्हणून वायर. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा मेट्रोनं मंडईला उतरून चालत गेलो.

"लॅनची केबल हवी होती. कॅट सिक्स."

"किती मीटर?"

"वीसेक लागेल."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "वीस की वीसेक?"

"म्हणजे... वीस असेल."

"असेल म्हणजे? मोजून या. कापलेली वायर परत घेत नाही." असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथेच उभा राहून बायकोला फोन केला. तिनं शिवणाच्या टेपनं, खुर्च्या सरकवत, मला ऐकू येईल अशा बेतानं पुटपुटत मोजलं. साडेसोळा. मी अठरा घेतली, वर दोन प्लग आणि प्लग दाबायचा पक्कड.

त्या पारदर्शक प्लगात आठ तारा एका ठरलेल्या क्रमानं बसवाव्या लागतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आई शेजारी बसून शेंगा सोलत बघत होती.

"अरे, हिरवीशेजारी हिरवी नको का? बाकीच्यांच्या जोड्या नीट लागल्यात आणि हिच्यात मधे ही दोघं निळी कशाला?"

"तसाच क्रम आहे आई."

"नवरा-बायकोच्या मधे असं कोणी जाऊन बसतं का?"

मलाही ते दिसायला बरं वाटेना. मी आईचं ऐकलं, हिरवी जोडपी एकत्र आणली. एका टोकाला पुस्तकातला क्रम, दुसऱ्या टोकाला आईचा. वायर लावली तर दिवाही लागेना. काका आले, बघितलं आणि हसले. मधल्या दोन जागा निळ्या जोडीच्याच, कारण टेलिफोनची लाइन मधोमध असायची आणि नव्या मांडणीनं तो मान राखला. खात्याचा हा मान सांगताना त्यांचा आवाज थोडा जड झाला. टोक कापून नवा प्लग दाबला. दिवा लागला, पण हिरव्याऐवजी पिवळा, म्हणजे हजाराऐवजी शंभर मेगाबिट. मी पुन्हा टोक कापलं. पुन्हा शंभर. अठराची वायर सतराला आली तेव्हा कळलं, की टीव्हीचं भोकच शंभरचं आहे. तसे बरेच टीव्ही असतात म्हणे. भिंतीएवढा पडदा देतील, पण मागचं भोक शंभरचंच.

पण शंभर तरी कमी का? ओरिजिनल फाइल सेकंदाला २५ मेगाबिट चित्राची, आवाजबिवाज धरून एकोणतीसच्या आसपास. शंभरच्या पाइपातून एकोणतीस सहज जावं. हिशेब चोख होता. मी टीव्ही लावला. "शुभमंगल साव..."

चकली.

दारात अडखळायला अठरा मीटर वायर आणि तरीही चकली. मी सोफ्यावर बसून राहिलो. बायकोनं न बोलता चहा आणून दिला. आपली खरंच कीव केली जाते आहे हे तेव्हा कळतं.

मुलाला रात्री पुन्हा फोन. "ट्रान्सकोड बघितलंत का?" मी म्हणालो, "परत सांग, लिहून घेतो."

तर भानगड अशी होती. कॅसेट ज्या डीव्ही नावाच्या पद्धतीत साठवली होती, ती आमच्या टीव्हीला वाचताच येत नव्हती. मग बिचारा लॅपटॉप काय करायचा? प्रत्येक क्षणी ते चित्र सोडवून टीव्हीला समजेल अशा भाषेत नव्यानं बांधून पाठवायचा. दुभाष्याचं काम. आणि हा दुभाष्या म्हातारा, दमेकरी. मुलानं सांगितलेल्या पानावर जाऊन पाहिलं तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं: व्हिडिओचा हा प्रकार चालत नाही, म्हणून ट्रान्सकोड. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असणार.

"तरी एवढं अडायला नको बाबा," मुलगा म्हणाला. "तापतोय का?"

मागच्या खोलीत जाऊन दिवा लावला. लॅपटॉपवर पांढरा, कडेला गुलाबी वेल असलेला क्रोशाचा रुमाल. चारी बाजूंनी नीट पसरवलेला, वारा बाहेर पडायच्या जाळीवर टोक व्यवस्थित खोचलेलं. आमच्या घरात फ्रीजला रुमाल आहे, मिक्सरला झबलं आहे, इस्त्रीला पिशवी आहे. लॅपटॉप उघडा कसा राहील? मी रुमाल उचलला. खाली हात ठेवला आणि लगेच काढला. त्यावर घावन झालं असतं. इतकं तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. माझा दुभाष्या भर उन्हात स्वेटर घालून भाषण करत होता.

"धूळ बसते रे," आई म्हणाली.

उपाय मुलानं सांगितला: रोज दुभाष्या बसवण्यापेक्षा एकदाच सगळं भाषांतर करून ठेवा. त्यानं फोनवरून एक ओळ सांगितली, मी एका बोटानं टाइप केली, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा ते चालू झालं. बुधवारी रात्री दहाला. रुमालाशिवाय, खाली दोन पाट घालून, समोर टेबलफॅन. सकाळी उठून पाहिलं तर ८७ टक्के. मी दाढी करायला गेलो आणि टेबलफॅन थांबला.

गुरुवार. देखभालीसाठी लाइट बंद. लॅपटॉपची बॅटरी चार वर्षांपूर्वीच वारलेली. गुरुवारी रात्री पहिल्यापासून सुरुवात केली आणि शुक्रवारी दुपारी काम झालं. ३९ जीबीचं साडेपाच झालं. डोळ्यांना फरक शून्य. तसंही व्हीएचएसवर सासऱ्यांचं नाकसुद्धा अंदाजानंच ओळखायचं असतं.

चौदाला हॉलमध्ये अठरा माणसं. वायरवरून जाताना प्रत्येकाला "पाय जपून". मी धडधडत्या छातीनं रिमोट दाबला. "शुभमंगल सावधान!" अखंड. पाचही मंगलाष्टकं अखंड. आतून मायक्रोवेव्हचं 'टिंग' आलं तरी अखंड. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. टेलिफोन खात्याकडून एवढं पुष्कळ. अक्षता, सप्तपदी, कानपिळी, सगळं तुपासारखं सरकत गेलं. मग पंगत. घास भरवायचा प्रसंग. हातात जिलबी घेतलेला मी, अंगावर उपरणं, डोक्यावर भरपूर केस.

"घ्या, घ्या," पडद्यावरच्या बायका ओरडल्या.

"खडकवासल्याचं पाणी..." पडद्यावरचा मी म्हणालो. "खडकवासल्याचं पाणी..."

आणि थांबलो. तोंड उघडं. हातातली जिलबी हवेत.

माझ्या पोटात गोळा आला. मी ताडकन उठलो, वायरला अडखळलो, टीव्हीमागचा प्लग दाबून पाहिला. दिवा लागलेला. मागच्या खोलीकडे धावलो. "अहो!" बायको मागून म्हणाली. "अहो, बसा खाली. बघा तरी, मागचा वाढपी चालतोय."

दारातून वळून पाहिलं. पडद्यावर माझ्या पाठीमागून मठ्ठ्याची किटली घेतलेला वाढपी शांतपणे पान ओलांडून दुसऱ्या पानाकडे जात होता. मी मात्र तसाच होतो. "पाणी..." मी म्हणालो. "...पाणी..."

बहिणीनं पदरात तोंड खुपसलं होतं.

तरीसुद्धा खात्री केलेली बरी. मी आत गेलो आणि लॅपटॉपखाली हात घातला. गार होता.