फुटाळ्याला सकाळीच जा

नागपूरवरच्या लेखात सिव्हिल लाइन्समधून निघून संध्याकाळी फुटाळा तलावावर पोचणारी पायी फेरी सुचवली आहे. रस्ता छान, वेळ मात्र चुकली राजेहो! संध्याकाळी फुटाळा चौपाटीवर गाड्यांचे हॉर्न, भुट्टेवाले आणि सेल्फीवाले यांच्यातून वाट काढावी लागते. सकाळी सहाला निघा.

लेखकाने उच्च न्यायालयाची इमारत एका ओळीत उरकली, ते खटकलं. 1940 साली सुरू झालेली ही दगडी वास्तू बाहेरूनच पाच-दहा मिनिटं निवांत बघावी अशी आहे. हेन्री मेड या वास्तुविशारदाचं हे काम. 1863 चा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय, तोही याच भागात. पण तो इतक्या सकाळी उघडा नसतो, त्याला वेगळा दिवस द्या. मोठमोठे बंगले, रुंद रस्ते आणि जुनी झाडं हा सगळा थाट नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं त्या काळातला.

एप्रिल-मे मध्ये गेलात तर बहावा बघा. पानं जवळपास नाहीत, नुसते पिवळे घोस लोंबत असतात आणि खाली फुटपाथवर पाकळ्यांचा सडा. उन्हाळ्यात नऊनंतर मात्र थांबू नका, नागपूरचं ऊन कोणाची गय करत नाही.

पाय धड असतील तर तेलंगखेडीकडे न वळता सेमिनरी हिल्स चढून मग तलावाकडे उतरा, झाडी तिकडेच जास्त. अंबाझरी तलाव त्याच दिवशी जोडू नका, उगाच धावपळ होते. आणि हो, तर्री पोहे फेरी झाल्यावरच. आधी खाल्ले तर चढ चढवत नाही.