प्रमाणपत्रावर २८ डेसिबल, मोबाइलवर ८: खोटं कोण बोलतंय?

एक मेसेज बराच फिरतोय. रस्त्याकडेच्या आवाजरोधक भिंतीच्या दोन्ही अंगांना मोबाइल धरून कुणीतरी ॲपवर आवाज मोजला. रस्त्याच्या बाजूला ७८ डेसिबल, मागे ७०. पॅनेलच्या प्रमाणपत्रावर मात्र २८ डेसिबल घट छापलेली. मेसेजचं म्हणणं असं: प्रमाणपत्र खोटं आहे, भिंतीचा फायदा जेमतेम दहा टक्के, ती जाड बांधली असती तर काम झालं असतं, आणि हे सिद्ध करायला मोबाइल पुरतो. शेवटी आणखी एक: भिंत आवाज अडवत नाही, समोरच्या घरांवर फेकते.

‘प्रमाणपत्र खोटं आहे.’ हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. प्रयोगशाळेत दोन खोल्यांमधल्या भिंतीत पॅनेल बसवतात, कडा लिंपून बंद करतात, एका खोलीत आवाज करतात आणि दुसरीत किती पोचला ते मोजतात. तिथे आवाजाला पॅनेलच्या आरपार जाण्यावाचून वाटच नसते. युरोपात ईएन १७९३ या मानकाचा दुसरा भाग नेमका हेच मोजतो. रस्त्यावर भिंतीला छप्पर नसतं. आवाज वरच्या कडेवरून वळून मागे उतरतो, आणि घरात येतो तो बहुतांशी हाच.

किती उतरतो हे भूमितीवर ठरतं. भिंत ४ मीटर उंच धरा, टायरचा आवाज तिच्यापासून १० मीटरवर, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. मागे २० मीटरवर, दीड मीटर उंचीवर तुमचा कान. कडेवरून येताना आवाजाला सरळ रेषेपेक्षा सुमारे ७३ सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. भिंतीमागे आवाजाची सावली, म्हणजे कमी आवाजाचा पट्टा, पडते ती या वळशामुळे. आता त्याच जागी १० मीटर उंचीची खिडकी घ्या. जादा वाट उरते एक सेंटिमीटरहून कमी, आणि घट ५ डेसिबलच्या आसपास. पॅनेल तेच, प्रमाणपत्रही तेच.

‘जाड हवी होती.’ समजा वरून येणारा आवाज १० डेसिबलनं घटतोय आणि आरपार येणारा २८ नं. दोन्हींची बेरीज केली तर एकूण घट ९.९. पॅनेल बदलून २८ चे ३४ केले, तर ९.९८. एवढ्यासाठी दुप्पट वजन उभं करायचं? पैसे घालायचेच तर उंचीत घालावेत.

‘फक्त दहा टक्के.’ डेसिबलची टक्केवारी काढणं म्हणजे पिनकोडची सरासरी काढणं. ८ डेसिबल घट म्हणजे आवाजाची सुमारे ८४ टक्के ऊर्जा गेली. कानाला मात्र निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यामुळे ८ ही जादू नाही, पण फुकट गेलेली भिंतही नाही.

‘मोबाइल पुरतो.’ मोबाइलचा माइक बोलणं टिपायला बनलेला. त्यात वाऱ्याची झुळूकही आवाज म्हणून मोजली जाते. तरी माझा आक्षेप यंत्रापेक्षा जागेवर आहे. रस्त्याच्या बाजूला भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, म्हणजे तो आकडा भिंतीनंच फुगवलेला. मागे अगदी भिंतीला चिकटून मोजलं तर सावली सर्वांत दाट, म्हणजे तिथला आकडा भिंतीला झुकतं माप देणारा. खरी तुलना एकाच जागेची: भिंतीआधी आणि भिंतीनंतर. आयएसओ १०८४७ हे मानक हेच सांगतं. भिंत आधीच उभी असेल तर तशीच जमीन, तशीच रहदारी असलेली भिंतीविना जागा शोधायची. दोन्ही वेळा रहदारीचा मूळ आवाज मोजणारा एक संदर्भ मायक्रोफोन असा ठेवायचा, की भिंतीचा त्याच्यावर परिणाम होऊ नये. भिंत असताना तो तिच्या माथ्याहून वर. कारण गाड्या दुप्पट झाल्या तरी ३ डेसिबल वाढतात, आणि तो दोष भिंतीच्या माथी यायला नको. वाऱ्याची दिशाही दोन्ही वेळा सारखी लागते.

‘समोर फेकते.’ गुळगुळीत, कडक भिंतीबाबत यात तथ्य आहे. पण एका परावर्तनानं समोर वाढ झाली तरी ती तत्त्वतः ३ डेसिबलपर्यंतच, आणि रस्त्याकडचा पृष्ठभाग आवाज शोषणारा केला की तीही आटते. समोरासमोर दोन भिंती असतील तर मात्र शोषण हवंच.

मेसेजवाल्याचा संशय एका जागी कामाला आला असता, पण तिथे त्यानं मोबाइल धरलाच नाही. प्रयोगशाळेत लिंपलेल्या कडा रस्त्यावर खांबाच्या खाचेत बसतात, आणि रबरी पट्टी निसटली की फट पडते. क्षेत्रफळाच्या एक टक्का फटीनं २८ चं पॅनेल १९ वर येतं. खालच्या कडेशी माती खचली तरी तेच. यासाठी ईएन १७९३ चा सहावा भाग आहे: उभ्या भिंतीसमोर लाउडस्पीकर, मागे नऊ मायक्रोफोनची चौकट, आणि जमिनीवरून किंवा कडेवरून उशिरा येणारा आवाज वेळेच्या हिशेबानं कापून टाकायचा. मोजणी दोनदा होते, एकदा पॅनेलच्या मधोमध आणि एकदा खांबाच्या सांध्यावर. मागायचा असेल तर हा दुसरा आकडा मागा.