कॉस्टिक, रंग आणि नक्षी: निपाणीच्या काकांच्या कमेंटला उत्तर

नमस्कार काका,

घरी रंगीत नक्षीचा साबण कसा करायचा या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोन ओळीत धन्यवाद टाकून सुटण्यासारखी नाही, म्हणून इथंच सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: काकांचं म्हणणं असं की घरात लहान पोरं असताना कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा जळजळीत क्षार) आणायला सांगणं हा शहाणपणा नव्हे, तो संडास धुवायचा की अंगाला लावायचा, त्यात परत मायका (अभ्रकाची चमकदार पावडर) आणि ऑक्साइडचे 'केमिकल' रंग कशाला, हळद-बीट काय संपलंय काय, आणि ही स्वर्लची, म्हणजे रंगांच्या लाटांची, नक्षी म्हणजे नुसता दिखावा, पहिल्या आंघोळीत वाहून जाणार. वर म्हैसूर सँडल साबणाचा दाखला, की त्यावर कुठं रंगाच्या लाटा आहेत.

आधी म्हैसूर सँडलचंच घेऊ. १९१६ साली बेंगळुरात सरकारी साबण कारखाना निघाला तेव्हापासून आजपर्यंत तो साबण पण कॉस्टिकशिवाय झालेला नाही ओ. कुठलाच घट्ट वडीचा साबण होत नाही. तेल आणि कॉस्टिक एकमेकांत पूर्ण लागले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, आणि माप बरोबर असेल तर शेवटी वडीत कॉस्टिक उरतच नाही. आपण तर मुद्दाम हिशेबापेक्षा पाच टक्के कमी घालतो, म्हणजे उरलंच तर तेल उरतं.

पण काका, तुमची भीती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. आंघोळीच्या वेळी घाबरायचं कारण नाही, घाबरायचं असलं तर वजनकाट्यापाशी घाबरा. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला १३६ च्या आसपास. आता कुणी माझी रेसिपी बघून म्हटलं की खोबरेल महाग झालंय, त्याजागी घरातलं शेंगतेल घालू, आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, तर आपले पाच टक्के वजा धरूनही किलोभर तेलामागं अडतीसेक ग्रॅम कॉस्टिक त्या साबणात मोकळं राहतंय. तो साबण खरंच संडासच्या लायकीचा. म्हणून तेल बदललं की सोप कॅल्क्युलेटरवर (तेलाप्रमाणे कॉस्टिकचं माप काढून देणारी वेबसाइट) परत हिशेब, आणि माप वाटीनं नाही, ग्रॅममध्ये. मला कमेंटमध्ये 'अंदाजे किती घालू' विचारणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही, राग आला तरी चालेल.

बाकी नियम पोस्टमध्ये आहेत तरी परत: कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, कारण खाली गॅस नसताना ते पाणी ऐंशी डिग्रीच्या वर तापतं आणि उसळून तोंडावर येऊ शकतं. गॉगल, हातमोजे, खिडकी उघडी. जर्मनचं पातेलं अजिबात नको, अॅल्युमिनियमवर कॉस्टिक पडलं की भांडं खातं आणि हायड्रोजन निघतो. स्टील नाहीतर जाड पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली धरा, भरपूर वेळ धरा. डोळ्यात गेलं तर धूत धूत डॉक्टरकडे. आणि पोरं शाळेत गेल्यावरच हे काम काढा, इथं मी तुमच्याच बाजूनं आहे.

आता रंग. हळद घालून बघाच एकदा. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो हे आपल्याकडं सगळ्यांनी बघितलंय, आणि हळदीचं कुंकू करताना पण हेच होतं, कच्च्या साबणात अगदी तेच होतं. ओतताना विटकरी, मग महिनाभरात नारिंगी-पिवळा, आणि खिडकीत ठेवला तर उडूनच जातो. बीटाचा गुलाबी तर दुसऱ्या दिवशी मातकट तपकिरी. साधा एकरंगी साबण असेल तर चालून जातं, पण तीन रंग शेजारी शेजारी ठेवायचे आणि रेघ रेघ दिसायला पाहिजे असेल तर त्याचा काय उपयोग. रतनजोत (रंग देणारी मुळी) तेलात भिजवून घातली तर जांभळट-राखाडी येतो, कोळशाची पावडर काळीच राहते, हे दोन मी आवडीनं वापरते. आणि तुम्ही ज्याला केमिकल म्हणता तो लाल आयर्न ऑक्साइड म्हणजे आपली गेरूच की ओ, फक्त कॉस्मेटिक ग्रेडचा बनवलेला, त्यात शिसं-आर्सेनिकची मर्यादा तपासलेली असते, बाजारच्या गेरूत काय काय आहे कुणी बघितलंय. रांगोळीचे रंग, गुलाल मात्र घालू नका, अंगाला लावायचे रंग वेगळे.

दिखावा म्हणालात त्यावर खरं भांडायचंय मला. एक तर नक्षी वरवर नसते, वडीच्या आरपार असते, साबण संपेपर्यंत रोज वेगळी दिसते. दुसरं म्हणजे स्वर्ल जमायला मिश्रण हळू घट्ट व्हायला पाहिजे, आणि हळू घट्ट होणाऱ्या रेसिपीत खोबरेल कमी आणि राइस ब्रानसारखं (भाताच्या कोंड्याचं) पातळ तेल जास्त लागतं. खोबरेल जास्त झालं की साबण फेस भरपूर देतो पण कातडी कोरडी पडते. म्हणजे नक्षीसाठी जे करायला लागतं तेच अंगालाही बरं पडतं. माझं प्रमाण: खोबरेल ३०० ग्रॅम, राइस ब्रान ४००, पामतेल २५०, एरंडेल ५०, कॉस्टिक साधारण १४२, पाणी ३००. तोटा एकच, मऊ असतो, वाळायला वेळ द्यावा लागतो.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही कोमट झाल्यावर, पस्तीस-चाळीस डिग्रीला, एकत्र करते. हँड ब्लेंडर दोन-तीन सेकंद चालू, मग बंद करून नुसतं ढवळणं, परत चालू. कढीपेक्षा किंचित दाट झालं, चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर दिसून बुडाली, की थांबायचं. इथंच बरेचजण जास्त फिरवतात आणि मग रंग ओतले जात नाहीत, गोळे गोळे पडतात. लवंग तेल घातलं तर पातेल्यातच दगड होतो, नक्षीच्या साबणात ते नकोच. मग तीन भाग, रंग आधीच चमचाभर तेलात घोटून ठेवलेले, आणि मोल्डमध्ये (साच्यात) एकाआड एक ओतायचे. उंचावरून ओतलं तर धार खाली घुसते, जवळून ओतलं तर वर राहते, नक्षीचं निम्मं काम यातच होतं. शेवटी वाकवलेली स्टीलची तार मोल्डच्या कडेनं तळापर्यंत घालून दोन-तीन गोल वळणं देत वर काढायची, आणि हात आवरायचा. अजून एक वळण देऊया म्हटलं की सगळं राखाडी.

बाजारात वीस-तीस रुपयात साबण मिळतो हे खरंच आहे, पैसे वाचवायला कुणी हे करू नये. आणि काका, मी विकत नाही. विकायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली लायसन लागतं, घरच्या ओट्यावर करून प्रदर्शनात मांडणं जमत नाही.

सूनबाई साबण करायचा म्हणून मागं लागल्यात म्हणालात, तर त्यांना सांगा पावसाळ्यात सुरू करू नका. खानापूर बाजूला काय, निपाणीला काय, जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, साबण सहा आठवड्यात पण नीट वाळत नाही, वर घामासारखे थेंब येतात. शिवाय कॉस्टिकचं पाकीट उघडं राहिलं की ते ओल ओढतं, आणि तुम्ही १४२ ग्रॅम मोजता त्यात पाणी पण मोजलं जातं, मग साबण तेलकट. दसऱ्यानंतर करा. पाकीट आणलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर, आणि डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून ठेवा, कारण घरात काम करायला येणाऱ्या बाईला काय वाचता येतं ते आपल्याला कुठं माहीत असतं.